बॉक्सरूममधली क्लबची रिळं

मधुमती तांडेलला कुणी 'मॅडी' म्हटलेलं खपत नाही. "चार अक्षरांचं नाव आहे, म्हणताना दात पडत नाहीत," असं तिने लंडनमधल्या पार्क रॉयलच्या बेकरीतल्या सुपरवायझरला पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. पुढे त्याच बेकरीत ती युनियनची प्रतिनिधी झाली, आणि सुपरवायझरला चारही अक्षरं पाठ झाली.

माहेर थळच्या कोळीवाड्यातलं. तिथे बायका मासळी विकतात, सुकवतात, गिऱ्हाइकाशी भांडतात, घर चालवतात. होडीत मात्र पाय ठेवत नाहीत. मधुमती गळ टाकायला शिकली ती आल्पर्टनच्या कालव्यावर, पन्नाशीच्या तोंडाशी. शिफ्ट संपवून घरी जाताना काठावर बसलेला डेरेक दिसायचा. रिटायर झालेला दूधवाला, गळाने मासे पकडणाऱ्यांच्या अँगलिंग क्लबचा अध्यक्ष. एक दिवस तो म्हणाला, "नुसती बघतेस काय? धर." तिने रॉड धरला. तेव्हापासून तिचा बुधवार कालव्याचा झाला.

क्लबात मासा पकडायचा, कौतुकाने बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हे तिने फोनवर आईला सांगितलं, तर आईने तिला वेड्यातच काढलं; पलीकडून ओरडलीच, "सोरून देतंस? येरी का काय गो तू?" मराठी मंडळाच्या गणपतीत वेम्बलीच्या हॉलमध्ये एका बाईंनी नाक मुरडून विचारलं, "अय्या, तुम्ही स्वतः मासे मारता?" मधुमती म्हणाली, "मारत नाही, सोडते. तळलेले तुम्ही खाता." बाई मोदकांकडे वळल्या.

तर गोष्ट २००८ सालच्या ऑक्टोबरची. पबच्या वरच्या खोलीत क्लबची सभा भरली होती. बुधवारी शाळेतली पोरं आणि पेन्शनर मंडळी मासेमारीला येतात, त्यांच्यासाठी क्लबचे स्वतःचे रॉड, त्यांची दोरी गुंडाळायची रिळं आणि जाळ्या आहेत. थंडीत बुधवार बंद. त्या महिन्यांत हे सामान इतकी वर्षं डेरेकच्या गॅरेजमध्ये राहायचं. पण डेरेक आता फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, आणि काठावरच्या शेडमध्ये उंदरांनी जाळ्या कुरतडल्या होत्या. आता ठेवायचं कुठे?

मधुमतीने हात वर केला. "माझ्या घरातली छोटी बॉक्सरूम रिकामी आहे. कोरडी आहे."

खोलीत सगळे एकदम आपापल्या ग्लासात बघायला लागले. खजिनदार कॉलिन घसा साफ करत म्हणाला, "राग मानू नकोस, पण सामान नाजूक असतं. शिवाय तुमच्याकडचं ते... स्वयंपाक, वास..."

"वास?" मधुमती उठलीच. "शेडमध्ये उंदीर मुतले तेव्हा तुला वास नाही आला? मी वर्गणी भरते, पोरांना गाठी मारायला शिकवते, आणि सामान ठेवायचं म्हटलं की माझ्या घराला वास येतो?"

डेरेकने टेबलावर ग्लास आपटला. "तिला द्या. मार्चमध्ये बघू."

त्या 'मार्चमध्ये बघू'त सगळं आलं. सामान नीट निघालं तर ते कायमचं तिच्याकडे. बिघडलं तर कुणी भांडणार नव्हतं. फक्त एकमेकांकडे बघून मान हलवली असती. भांडण मधुमतीला पेलतं. ती मान हलवणं पेलत नाही.

घरी तिने जाळ्या आंघोळीच्या टबात धुतल्या, वर वाळत घातल्या. तनिषा, तिची इथेच जन्मलेली मुलगी, कामावरून आली आणि बाथरूमच्या दारातच थांबली. "आई, मला शॉवर घ्यायची आहे आणि इथे पूर्ण कालवा आहे!"

"शेजारच्या जिममध्ये जा. पैसे भरतेसच."

रॉड पुसून उभे केले, गळ काढून डबीत भरले, रिळांवरची दोरी सैल केली. डेरेकने दिलेलं तेल निम्म्या रिळांतच संपलं. त्याला फोन करायचा तर दुसऱ्याच दिवशी हात पसरल्यासारखं झालं असतं. तिचे बाबा होडीच्या कप्पीला खोबरेल लावायचे. घरात खोबरेल होतं. तिने उरलेल्या रिळांना सढळ हाताने लावलं, आणि ती लोण्यासारखी फिरली. गरम खोलीत दोरी खराब होते असं डेरेक म्हणाला होता, म्हणून तिने बॉक्सरूमचा रेडिएटर बंद केला आणि दार ओढून घेतलं. फार छान वाटलं तिला. पुढचे काही आठवडे ती उगाचच दार उघडून बघायची, जसं कुणी पाळण्यात बघावं.

फेब्रुवारीत लंडनवर असा बर्फ पडला की बसगाड्यासुद्धा बंद. बेकरीला सुट्टी. मधुमती चहाचा कप घेऊन सामान बघायला गेली, सहज एक रीळ उचललं आणि हँडल फिरवलं. हँडल जागचं हलेना. दुसरं घेतलं. तेही तसंच.

"अहो!" तिच्या हाकेने नवरा, हरीश, अर्धी दाढी करून आला. त्याने रीळ हातात घेतलं, हुंगलं आणि पोट धरून हसत सुटला.

"मधू, रोज सकाळी खोबरेलाची बाटली रेडिएटरवर कोण ठेवतं? मी?"

इंग्लंडात एवढी वर्षं काढली, दर हिवाळ्यात ती बाटली पांढरी होते, रेडिएटरवर विरघळवल्याशिवाय केसाला थेंब मिळत नाही. आणि रिळांना लावताना डोक्यातही आलं नाही! तिला स्वतःच्याच श्रीमुखात मारावीशी वाटली.

"रेडिएटरवर मांड सगळी," हरीश डोळे पुसत म्हणाला. "विरघळतील. कुणाला काय कळतंय?"

"आणि मार्चच्या गारठ्यात काठावर परत गोठली की? एखाद्या म्हातारीच्या गळाला मासा आणि रीळ फिरत नाही! तेव्हा काय सांगू?"

बेकरीतल्या पोरींना ती नेहमी सांगायची, आपल्या हातून मोडलं तर साहेबाला दिसायच्या आत आपण सांगायचं, म्हणजे आवाज आपला राहतो. आता स्वतःची पाळी होती. तिने एक रीळ कोटाच्या आतल्या खिशात टाकलं, बूट चढवले आणि बर्फ तुडवत डेरेकचा फ्लॅट गाठला.

दार उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "मी रिळं बिघडवली. खोबरेल लावलं, गोठलं. हे बघ." आणि खिशातलं रीळ काढून त्याच्या हातात आपटलं.

डेरेकने हँडल फिरवलं. रीळ गरगर फिरलं.

"झकास आहे की," तो म्हणाला.

मधुमतीने हिसकावून घेतलं. फिरलं. वाटभर तिच्या छातीशी राहून तेल विरघळलं होतं.

"झकास नाहीये! अडकलं होतं!"

"मधुमती, बर्फातून चालत आलीस ती चालू रीळ दाखवायला?"

"बिघडलंय म्हणते ना मी!" स्वतःचाच गुन्हा शाबीत करायला असं भांडावं लागेल हे तिला कधी वाटलं नव्हतं. तिने तरातरा जाऊन खिडकी उघडली, रीळ बाहेर कठड्यावर बर्फात ठेवलं. "चहा टाक. मग बघ."

चहा झाला. डेरेकने रीळ आत घेतलं, जोर लावला, तोंड लाल केलं. हँडल हललं नाही. त्याने रीळ खाली ठेवलं आणि इतका हसला की कवळी सावरावी लागली. मग पॅराफिनची, म्हणजे रॉकेलची, बाटली आणि जुने टूथब्रश पिशवीत भरून तो तिच्याबरोबरच निघाला.

दुपारभर तिघं स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरून रिळं खोलत बसले. हरीशने कांदेपोहे केले. डेरेकने दोनदा घेतले आणि मिरची बाजूला काढून ठेवली. तेवढ्यात स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली, तर कोण शोधणार यावरून मधुमती दोघांवरही डाफरली, आणि शेवटी स्वतःच पालथी पडून तिने ती काढली. संध्याकाळपर्यंत सगळी रिळं साफ झाली, योग्य तेल लागून ओळीने बसली. तिला हलकं हलकं वाटत होतं.

"कमिटीला सांगायची गरज नाही," डेरेक निघताना म्हणाला.

"मीच सांगणार."

मार्चच्या सभेत तिने सांगितलं. उभं राहून, काही न गाळता, कठड्यावरच्या बर्फासकट. लोक खो खो हसले. तीही हसली, पण बसली नाही. "एवढं झालं. बाकी जाळ्या, रॉड, सगळं ठणठणीत आहे, आणि पुढच्या हिवाळ्यातही सामान माझ्याकडेच राहील. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणी मान हलवली नाही. कॉलिनने मात्र हात वर केला.

"बोल!" मधुमतीने पदर खोचावा तसा स्वेटर खाली ओढला.

"नाही, सामान तुझ्याकडेच राहू दे," कॉलिन चाचरत म्हणाला. "माझे घरचे दोन रॉड आहेत. आमच्याकडे ओल फार. तुझ्या त्या खोलीत जागा असेल तर..."



"पुसून आणलेस तर," ती म्हणाली, आणि बसली.