मापांची वही

रशीद शिंपी माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसे, हातांकडे पाही. कुणी कापड घेऊन आलं, की ते घेता घेता त्याची नजर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या उंचवट्यावर जाऊन येई. रोज सकाळी दुकान उघडलं, की सर्वांत बारीक सुई उजेडाकडे धरून तो तिच्यात दोरा ओवायचा आणि ती सदऱ्याच्या कॉलरला खोचायचा. त्या सुईनं तो कधी शिवत नसे.

कोल्हारला मी वाचनालय सांभाळत असे. दुकान समोरच. तेव्हा गादीवर त्याचे वडील, उस्मानचाचा बसत. त्यांच्या हातची काजं पाहायला राहुरीचे शिंपी येत. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास त्यांच्या हातून कात्री पडू लागली. मग सुईत दोरा जाईना. मग घास उचलेना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगाला हलवणाऱ्या नसाच वाळत चालल्यात, जगात औषध नाही. पुण्याचे एक डॉक्टर या रोगाचा शोध घेतात, महिन्यातून एकदा नगरला येतात, पण त्यांच्या कामाला कुणाचा आधार नाही. वीस वर्षांच्या रशीदनं एवढंच विचारलं, "मंग त्यांना काय लागतं?"

परदेशात लोक असल्या कामासाठी पायी चालून मदत गोळा करतात, ही बातमी मीच त्याला वाचून दाखवली होती. त्यानं ती मनावर घेतली. कोल्हार ते नगर तीन दिवस चालायचं ठरलं. पुठ्ठ्यावरची पाटी मी लिहिली, बिस्किटांच्या डब्याला चीर त्यानं पाडली. मी सायकल हातात धरून बरोबर निघालो.

पाटी कुणी वाचलीच नाही. रस्त्यानं चालणारा पोरगा म्हणजे नवस, हे लोकांना पाटीशिवायच कळत होतं. कुणी नारळ आणला, कुणी ओंजळभर ज्वारी, कुणी तापलेलं मूल त्याच्या पायांवर घालू लागलं. राहुरीच्या अलीकडे एक बाई त्याच्या पायांकडे पाहून म्हणाली, "नवसाला पायतान घालून जात्यात व्हय रं?"

"नवस न्हाई मावशी. ह्या रोगाला औषध न्हाई. ते हुडकणाऱ्या डॉक्टरला मदत नेतोय."

"मंग तुजा बा बरा हुईल?"

"न्हाई हुनार."

बाईनं पुढे केलेला हात मागं घेतला. संध्याकाळी मी त्याला रागावलो. गप्प राहिला असतास तर काय बिघडलं असतं, असं बोललो. तो पाय चोळत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, नवस म्हनून घेतलं तर ती बाई गुण यायची वाट बघत बसंल. आमी लई बघितली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघत होतो, तर तीच बाई समोर उभी. बरोबर नवरा. त्याचा डावा हात तिनं आपल्या हातात धरून आणला होता. रशीदनं अंगठ्याजवळचा खोल गेलेला भाग हळूच चिमटीत धरून पाहिला. "अब्बाचं असंच सुरू झालं," एवढंच म्हणाला. बाईला खोटा धीर दिला नाही. खिशातून मापांची वही काढली आणि शिंपी माप घेतो तसं लिहिलं: नाव, गाव, कोणता हात, कधीपासून. त्यानंतर तो प्रत्येक गावात विचारत गेला, इथं कुणाचे हात वाळलेत का? नगरला पोचेपर्यंत वहीची दोन पानं भरली होती.

पुण्याच्या डॉक्टरांनी डबा घेतला, आभार मानले आणि बाजूला ठेवला. वही मात्र उभ्यानंच वाचली. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचली. "ही माणसं माझ्यापर्यंत कधीच पोचली नसती," म्हणाले.

उस्मानचाचा त्याच थंडीत गेले. शेवटी बोलणंही उरलं नव्हतं, नुसते डोळे. रशीद गादीवर बसला. वही चालू राहिली. गिऱ्हाइकांकडून, बाजारकऱ्यांकडून कळेल ते नाव तो टिपायचा आणि वर्षातून एकदा पानं नकलून पुण्याला पाठवायचा. तिकडून पोच येई. औषध निघाल्याचं पत्र आलं नाही.

रशीद जाऊन आता तीन वर्षं झाली. त्याचं वय चाळीस झालं त्या साली एका सकाळी त्यानं मला समोरून हाक मारली. मी गेलो. त्याच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात दोरा. "भाऊ, तुमी ओवा," तो म्हणाला. मी ओवला. त्यानं सुई कॉलरला खोचायला सांगितली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"लिवा."

मी त्याचं नाव लिहिलं. गाव लिहिलं. पुढे होतं, कोणता हात.

"उजवा," तो म्हणाला. "अंगठ्यापासनं. नीट लिवा भाऊ, पुढच्याला लागंल."