अण्णांची खोळ

मंडळी, आत्ताच हट्ट्याहून वसमतला आलो अन् नेट कॅफेत बसून लिहून राहिलो.

सकाळी शेतात पाऊस लागला. पावसात चुलीवरचा चहा, ही आमच्या घरची चैन. अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन महिने झाले. त्यांची पोत्याची खोळ खुंटीवरच होती. तीच डोक्यावर घेऊन मी बांधावर उभा राहिलो.

मागून आई आली. "ऐकलं का, च्या घ्या. साखर कमीच टाकली."

कमी साखरेचा चहा फक्त अण्णा प्यायचे.

मी वळलो न्हाई. हात तेवढा मागं केला अन् "हूं" म्हणलो. चहा गरम होता का गार, तेबी आठवत न्हाई.

आई गेली. पाऊस थांबला. खोळ काढायला हात उठेना.

तुमी असते तर वळले असते का?