टाळ्या वाजवू नका

माझी आत्या कुठेही गेली की आधी दारं बघते. लग्नाला गेलो तरी सगळे नवरा-नवरी बघतात, आणि ही हॉलच्या मागे जाऊन बाहेर पडायचं दार ढकलून बघते. कुलूप असलं तर हॉलवाल्याला शोधून त्याची अशी काही खरडपट्टी काढते की आम्ही घरचे सगळे ताटांमध्ये डोकं घालून बसतो. आई म्हणते, "वन्सं, एक दिवस तरी जेवा हो नीट!" आत्या म्हणते, "दार उघडलं की जेवते."

तिचं कामच ते आहे. आमच्या शहरातल्या शाळा मंडळाच्या सगळ्या शाळांची सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्था तिच्याकडे. म्हणजे गेटवर कोण आत येतं, जिन्यात काय पडलंय, आग लागली तर मुलं कुठून बाहेर काढायची, हे सगळं ती एकटी बघते. हाताखाली कोणी नाही. ऑफिस म्हणजे आमच्या मुंगीच्या शाळेच्या आवारातली एक खोली, तीसुद्धा आधी बॅट-बॉल ठेवायची होती. मुंगी म्हणजे माझ्या काकांची मुलगी, पहिलीत आहे. खरं नाव शाळेतच वापरतात.

आत्याच्या गळ्यात कायम शिट्टी असते, म्हणून मुलं तिला शिट्टीबाई म्हणतात. तिला माहितीये. तिला आवडतंसुद्धा, पण ती ते कबूल करणार नाही.

आता मला जे सांगायचंय ते सांगते, कारण ते आठवलं की अजून माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

शाळांमध्ये आगीचा सराव होतो. लांब घंटा वाजते, मुलं रांगेत मैदानावर येतात, बाई मुलं मोजतात, आणि शिट्टी वाजली की परत वर्गात. दोन लांब शिट्ट्या. हा आत्याचा नियम. पण मंडळाच्या मोठ्या साहेबांनी त्या सरावाचा पार तमाशा करून टाकला! आदल्या दिवशी सगळ्यांना सांगायचं. इस्त्रीचे कपडे घालून या म्हणायचं. मैदानावर पांढरा अभ्रा घातलेला सोफा, मागे पाहुण्यांच्या खुर्च्या, फोटोवाला. मुलं बाहेर आली की साहेब उठून टाळ्या वाजवणार, मग सगळे वाजवणार, आणि मुलं लगेच वळून वर्गात. शिट्टी वाजवायची कोणाला आठवणच राहायची नाही. टाळ्या झाल्या की खेळ संपला.

आत्या दरवेळी भांडायची. "साहेब, टाळ्या नकोत. मुलांना वाटतं टाळी म्हणजे परत जा."

साहेब हसायचे. "मॅडम, लहान मुलं आहेत हो. कौतुक करायचं नाही तर काय रागवायचं का? टाळीने काय बिघडतं?"

आणि मग गेल्या वर्षी आत्याने एक तडजोड केली. मुंगीच्या शाळेचं मागचं दार गंजून बसलेलं. धक्का मारला तरी हलायचं नाही. आत्या ते दुरुस्त करा म्हणून कधीपासून मागे लागलेली, आणि साहेब कानाडोळा करायचे. शेवटी ते म्हणाले, तुम्ही सरावात दरवेळी तोंड वाकडं करून उभ्या राहता, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, ते बंद करा, मी दाराचं बघतो. आत्याने तोंड बंद ठेवलं. दार नवीन आलं. घरी येऊन म्हणाली, "टाळ्या वाजवा म्हटलं बाबा, पण दार द्या."

मी तेव्हा म्हटलं, "आत्या, तुला पटलं त्यांचं?"

"पटलं नाही. थकले," ती म्हणाली.

मग तो दिवस. काकूला काम होतं म्हणून मुंगीला आणायला मी कॉलेज बुडवून गेले. लहान वर्ग दुपारी सुटतात, त्यामुळे मैदानाच्या कुंपणाच्या जाळीबाहेर आई-बाबा लोकांची गर्दी. मी फोनमध्ये डोकं घालून उभी. तेवढ्यात लांब घंटा वाजली. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "आज सराव आहे वाटतं?" मी मान वर केली तर पुढच्या जिन्याखालच्या विजेच्या खोलीतून काळा धूर येत होता. नुसता येत नव्हता, भसाभसा ओकत होता.

जाळीला धरून सगळे ओरडायला लागले. आणि मग इमारतीच्या मागून, त्या नव्या दारातून बाहेर पडून, वळसा घालून मुलं मैदानावर आली. रांगेत! एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, न रडता. पहिली, दुसरी, तिसरी. मला मुंगीच्या दोन वेण्या दिसल्या. आत्या गेटपाशी अग्निशमनवाल्यांना फोनवर रस्ता सांगत होती. बाई मुलं मोजत होत्या. सगळं नीट चाललेलं.

आणि जाळीबाहेरच्या एका बाबांना आपली मुलगी दिसली. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी, आणि त्याने टाळ्या वाजवल्या. त्याची काय चूक? कोणीही वाजवल्या असत्या. बघता बघता सगळी जाळी टाळ्या वाजवायला लागली.

पहिलीची रांग वळली.

खरंच सांगते, कोणाला काही वेगळं वाटलंच नाही, इतकी ती शिस्तीत वळली. बाईंची पाठ होती, त्या मागची मुलं मोजत होत्या. पहिलीतली सगळ्यात पुढची पोरं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, आमच्या मुंगीसकट, परत वळसा घालून त्या मागच्या दाराकडे निघाली. धुराकडे. कारण टाळ्या झाल्या की वर्गात जायचं असतं.

मी किंचाळले. जाळीवर चढायला लागले. आत्याने मान वळवली, फोन टाकला आणि जी पळत सुटली! तिचं वजन, तिचे गुडघे, मी तिला जन्मात पळताना पाहिलं नव्हतं. हात शिट्टीकडे गेला तिचा. मी पाहिलं. आणि तिने शिट्टी सोडून दिली, कारण शिट्टी म्हणजेसुद्धा परत जा! ती वाजवली असती तर उरलेले सगळे वर्गसुद्धा वळले असते. म्हणून ती नुसती ओरडत पळाली. "बाहेर! बाहेर! बाहेर!" पुढची काही मुलं तोवर दारातून आत गेली होती. ती त्यांच्या मागे आत गेली.

किती वेळ गेला मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा एक पोर काखेत, एक कमरेला, आणि बाकीची तिच्या पदराला धरून. मुंगी खोकत होती. काळी झालेली. मला बघून म्हणाली, "ताई, आम्ही बरोबर केलं ना?"

कोणाला काही झालं नाही. आत्याचा फक्त आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, घसा पार सोलवटलाय, महिनाभर कुजबुजसुद्धा जपून.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेब! मुलांच्या शिस्तीमुळे मोठी दुर्घटना टळली, मंडळाच्या नियमित सरावाचं यश. स्वतःच्या हाताने स्वतःची पाठ थोपटून घेतलेली. पण पालक गप्प बसले नाहीत. मुलं परत आत का गेली, हा प्रश्न कोणी सोडेना, आणि मग खापर फोडायला डोकं लागणारच. मंडळाच्या ऑफिसात आत्याला बोलावलं.

तिला बोलता येत नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. आत्या माझ्या कानात सांगणार आणि मी मोठ्याने बोलणार, असं ठरलं.

साहेब म्हणाले, "ही कोण?"

आत्या कुजबुजली. मी म्हटलं, "भाची. आत्याचा आवाज."

साहेब गोड बोलत होते. "मॅडम, आपण सगळे एकाच घरातले. उद्या पालकांची सभा आहे. तुम्ही एवढंच सांगा की लहान मुलं घाबरली आणि गोंधळून आत गेली. विषय संपला. तुमचं पद सुरक्षित, मंडळाची अब्रू सुरक्षित."

आत्या माझ्या कानात म्हणाली. मी म्हटलं, "आत्या म्हणतेय, मुलं घाबरली नव्हती. आपण शिकवलं तेच त्यांनी केलं. टाळ्या बंद करा, मी सभेत हेच सांगणार."

"पण टाळ्यांना तुमची संमती होती," साहेब लगेच म्हणाले. "दाराच्या वेळी आपलं ठरलं होतं. आठवतंय ना?"

आत्याची मान खाली गेली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. ती काही बोललीच नव्हती, तरी मी सुरू झाले. "आत्या म्हणतेय, दार मागायला लाच द्यावी लागते का? आत्या म्हणतेय, ते दार नसतं तर आज तुम्ही सोफ्यावर नाही, कुठे बसला असता? आत्या म्हणतेय, आमची मुंगी सहा वर्षांची आहे आणि तिच्यावर खापर फोडताना तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

"हे सगळं त्या म्हणाल्या?" साहेब लाल झाले. "मला तर काही ऐकू आलं नाही."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता खाते शिव्या. तिने साहेबांकडे बघून हळूच मान हलवली. म्हणजे, हो, मीच म्हणाले.

बाहेर जिन्यात माझा कान धरून कुजबुजली, "गधडे, मी यातलं एक अक्षर म्हटलं नव्हतं."

"मग मान का हलवलीस?"

"राहिलं होतं म्हणायचं."

सभेत तिने तेच सांगितलं. कुजबुजत. माइकसमोर. एवढे पालक बसलेले, पुढे वाकून ऐकत होते. आणि पुढच्या आठवड्यात बदलीचा हुकूम. पुस्तकांचं गोदाम! शाळांच्या सुरक्षेसाठी जिवाचं रान करणारी बाई आता जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे सांभाळणार. प्रकृतीच्या कारणास्तव, म्हणे. हे असं लिहिणाऱ्याचे हात कसे थरथरत नाहीत?

गोदामात जायच्या आधीचे दिवस ती घरी बसून रडेल असं मला वाटलं होतं. ती शाळांमध्ये फिरली. कोणाला न विचारता, एकेका वर्गात. आवाज नव्हताच, त्यामुळे मुलं जवळ येऊन, जमिनीवर बसून, श्वास रोखून ऐकायची. मुंगीने घरी येऊन आम्हाला तसंच कुजबुजून सांगितलं, "टाळी म्हणजे शाब्बास. शाब्बास म्हटलं तरी हलायचं नाही. शिट्टी वाजली की मगच." आणि मग शिट्टीबाईंसारखे डोळे मोठे केले.

परवा पुन्हा सराव होता. मी मुद्दाम गेले. सोफा होताच! पांढरा अभ्रा, पाहुण्यांच्या खुर्च्या, फोटोवाला, सगळं. काहीएक बदललं नव्हतं. घंटा झाली, मुलं आली, मोजून झाली. साहेब उठले, टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या.

एक पोर हललं नाही.

साहेबांना वाटलं ऐकू आलं नसेल. त्यांनी अजून जोरात वाजवल्या. मुख्याध्यापक बाई पुढे झाल्या, "चला चला, झालं, वर्गात चला!" मुलं तशीच, खांद्यावर हात. शेवटी पहिलीच्या रांगेतून आमची मुंगी भोंग्यासारखी ओरडली, "शिट्टी कुठंय?"

फोटोवाला फिस्सकन हसला. साहेब टाळ्या वाजवायचे हात तसेच धरून उभे. खेळाच्या बाई पळत खोलीतून शिट्टी घेऊन आल्या, दोन लांब फुंकल्या, आणि तेव्हा कुठे रांग वळली.

मी तिथूनच आत्याला गोदामात फोन लावला. रडत, हसत, सगळं एकदम सांगितलं. तिचा आवाज थोडा परत आलाय, घोगरा. सगळं ऐकून घेतलं तिने. मला वाटलं आता खूश होईल.

ती म्हणाली, "मुलं उन्हात उभी होती ना एवढा वेळ? पाणी दिलं का कोणी?"

"आत्या! तू ऐकलंस का मी काय सांगितलं?"

"ऐकलं गं. मागचं दार बघ जरा."

"दाराला काय झालंय? नवीन आहे."

"जा बघून ये."

मी मुंगीचा हात धरून मागे गेले. सराव संपून पाहुणे निघाले होते, आणि सोफ्यामागच्या सगळ्या खुर्च्या कोणीतरी आणून दारासमोर एकावर एक रचून ठेवल्या होत्या. बरोब्बर दारासमोर. बाजूला सगळी भिंत मोकळी.

"आत्या, खुर्च्या," मी फोनवर म्हटलं. तेवढ्यावर तिला कळलं.

"मग उभी काय राहिलीस," आत्या म्हणाली. "उचल."