खराब नग

कुंदाताई देवस्थळींना खुर्चीत नीट टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. विभागातल्या आमच्या सामाईक खोलीत त्यांची खुर्ची माझ्या समोरच होती. तिच्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, छत्री, कधी कोथिंबिरीची जुडी असायची. त्या स्वतः टेबलाच्या कडेला क्षणभर टेकत, लगेच उठत, खिडकी उघडत, पंखा कमी करत, पुन्हा खिडकी लावत. मी बहुधा पुस्तकात डोकं घालून बसलेला असे. "श्रीधरराव," त्या म्हणत, "तुम्ही इतके स्थिर कसे बसता हो? एखादं कबुतर घरटं करील तुमच्यावर." त्यांना जाऊन आता काही महिने झाले. हे लिहायला बसतो आणि दोन ओळींनंतर मलाच उठावंसं वाटतं. खोलीत फेरी मारतो, खिडकी उघडतो, खालचा तुलसी नगरचा रस्ता बघतो, परत येतो. त्यामुळे लिखाण सावकाश चाललं आहे.

त्या भौतिकशास्त्र शिकवीत. मुलं त्यांना 'देवस्थली मैम' म्हणत. हिंदीत ळ नाही, आणि सगळं आयुष्य भोपाळमध्ये गेल्यावर त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांचे वडील नागपूरहून इथल्या मोठ्या कारखान्यात नोकरीला आले, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये त्यांनी संसार मांडला आणि तयार मालाच्या तपासणी विभागातून ते निवृत्त झाले. घरात शुद्ध मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असं कुंदाताईंचं बालपण. वर्गात हिंदी बोलत, पण रागावल्या की मराठीत रागावत. शुक्ला, वर्मा, कुरेशी अशा सगळ्यांना ते व्यवस्थित समजे.

वडिलांची एक रीत त्यांनी उचलली होती. तपासणीला आलेल्या मालात ते अधूनमधून गुपचूप एक खराब नग मिसळून ठेवत. तपासनीस जागा आहे की नुसतेच शिक्के मारतो आहे, हे चांगल्या मालावरून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कुणी तो नग पास करून टाकला तर ते ओरडत नसत. फक्त तो उचलून त्याच्या टेबलावर ठेवत आणि निघून जात. "बोलले असते तर बरं, असं माणसांना वाटायचं," कुंदाताई सांगत.

त्यांनी हेच फळ्यावर आणलं. प्रत्येक तासाला त्या लिहिताना कुठेतरी एक चूक पेरत. एखादं चिन्ह उलटं, एखादा अंक भलताच. जिला किंवा ज्याला दिसेल त्याने उठून सांगायचं, पण फक्त ओळ सांगायची. "लाइन बताओ, गलती मत बताओ. दूसरों की आँखें क्यों छीनते हो?" मग साऱ्या वर्गाने त्या ओळीवर डोळे लावून बसायचं. कुंदाताई बाकांमधून फेऱ्या मारत राहायच्या. तासानंतर व्हरांड्यात ऐकू यायचं, "आज का नग किसको मिला?"

तो बहुतेक वेळा फरहीनला मिळायचा. जुन्या शहरातून दोन बस बदलून येणारी, अगदी बारीक आवाजाची मुलगी. पहिलं वर्ष ती तोंड उघडत नव्हती. एकदा उठून काहीतरी पुटपुटली. कुंदाताई तिच्या बाकाशी गेल्या आणि पुन्हा बोलायला लावलं. "मैम, तीसरी लाइन." कुंदाताईंनी हातातला खडू तिच्या बाकावर ठेवला आणि त्या पुढच्या बाजूला निघून गेल्या. फरहीनने तो खडू अजून जपून ठेवला आहे, असं तिनेच मला सांगितलं.

या रीतीचा त्रास इतरांना व्हायचाच. आमचे विभागप्रमुख सक्सेना सर एकदा खोलीत आले ते तावातावाने. त्यांच्या तासाला एक मुलगा उभा राहून 'सर, पाँचवीं लाइन' म्हणाला होता. "मैडम, आप बच्चों को बिगाड़ रही हैं." कुंदाताई खिडकी लावत होत्या. "गलती थी कि नहीं, सर?" होती, पण भर वर्गात, असं काहीसं सर म्हणू लागले. "फिर तो सुधरे हैं," त्या म्हणाल्या, "बोर्ड भी, बच्चे भी." सर निघून गेले. त्यानंतर ते चूक झाली तर स्वतःच आधी पुसत, हे मात्र सांगायला हवं.

याच सक्सेना सरांनी पुढे एका वर्षी विद्यापीठाच्या उत्कृष्ट अध्यापन पुरस्कारासाठी कुंदाताईंचं नाव पाठवलं. समिती प्रत्यक्ष तासाला येऊन बसणार होती. विषयातलं कुणी समितीत नको, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न नको, असा नियम होता. त्यामुळे वाणिज्याचे एक, हिंदी साहित्याचे एक आणि विधी विभागाच्या एक बाई आल्या. विभागातर्फे त्यांच्याबरोबर शेवटच्या बाकावर मी बसलो.

विषय दोलनाचा होता. झोका, लंबक, ताणून सोडलेली स्प्रिंग. कुंदाताई सुरेख शिकवत होत्या, नेहमीपेक्षाही जरा सुरेख. दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर येताना एक उणे चिन्ह गळलं. ज्यांचा विषय नाही त्यांना सांगायचं तर, त्या उण्यामुळेच गेलेला झोका परत येतो. ते काढून टाकलं तर तो जातो तो जातोच. पुढे उत्तर मात्र त्यांनी बरोबर लिहिलं, कारण ते त्यांना पाठ होतं. मला चूक दिसली आणि मी मनातल्या मनात हसलो. नग उत्तम पेरला होता. आता फरहीन उठेल, समितीलाही ही रीत कळेल, असं वाटलं. फरहीनने फळ्याकडे बघितलं, मग मागे वळून वर्गाकडे बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. कुणी उठलं नाही. तास संपला. वाणिज्यवाल्यांनी माझ्याकडे झुकून सांगितलं की बोर्डवरचं लेखन फारच व्यवस्थित होतं.

खोलीत आल्यावर कुंदाताई खुशीत होत्या. कसा झाला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, उत्तम, पण आज तुमचा नग तसाच राहिला, कुणी पकडला नाही.

त्या खिडकीकडे निघाल्या होत्या. मध्येच थांबल्या.

"कुठला नग?" त्या म्हणाल्या. "आज मी घातलाच नव्हता. म्हटलं, पाहुण्यांसमोर कशाला."

आम्ही दोघं परत वर्गात गेलो. फळा अजून पुसलेला नव्हता. त्या पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या आणि तिसऱ्या ओळीशी थांबल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. इतका वेळ त्या एका जागी उभ्या राहिलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. मग बोटाने ते गळलेलं उणे चिन्ह तिथे रेखाटलं. खडू न घेता, नुसत्या बोटाने.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला विचारलं, कुणाकुणाला दिसलं होतं. सगळे हात वर झाले. हे मला फरहीननेच नंतर सांगितलं. ती उठून म्हणाली होती की आम्हाला वाटलं हा तुमचाच आहे, रोजचा. पण अवॉर्डची गोष्ट होती, समितीला वाटलं असतं मॅडमना येत नाही. म्हणून तिनेच सगळ्यांना गप्प केलं. प्रेमापोटी केलेल्या गोष्टीवर रागवायचं कसं, हे कुंदाताईंना कळेना. त्या बाकांमधून शेवटपर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"खराब नग पास हो गया," त्या म्हणाल्या. "और पास किसने किया? जो सबसे ज़्यादा जागते हैं, उन्होंने."

मग त्या सक्सेना सरांकडे गेल्या आणि नाव मागे घ्या म्हणाल्या. सरांनी समजावलं की समितीच्या अहवालात त्या चुकीचा उल्लेखही नाही, आणि पुरस्कार शिकवण्याला आहे, एका चिन्हाला नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. पुरस्कार जाहीर झाला. समारंभात शाल आली, श्रीफळ आलं, सन्मानचिन्ह आलं, आणि दोन शब्द बोलायला माइक आला. कुंदाताईंनी सरळ सांगून टाकलं की समितीने पाहिलेल्या तासात माझी चूक झाली होती, ती मला कळली नव्हती, आणि कुणी दाखवलीही नाही. सभागृहाला तो विनय वाटला. जोरदार टाळ्या पडल्या. खाली येऊन त्या माझ्या शेजारच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "बघा," म्हणाल्या, "यांनीही पास केलं."

चुका वाढत गेल्या. कोलार रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये धाकटी बहीण मंदा त्यांच्यासोबत राहायची. तिनेच हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. डोक्यात एक गाठ होती आणि ती जाणार नव्हती. हे त्यांनी मला व्हरांड्यात चालता चालता सांगितलं, जणू वेळापत्रक बदलल्याचं सांगत होत्या. मी काहीतरी म्हणणार तोच म्हणाल्या, "धीर वगैरे देऊ नका, तुम्हाला जमत नाही ते. एक ऐका. आता मी चुका पेरत नाही. पेरलेली कुठली आणि आपोआप उगवलेली कुठली, ते माझं मलाच कळेनासं झालंय."

शिकवणं मात्र त्यांना सोडायचं नव्हतं. मंदा रडली, सक्सेना सरांनी रजेची गोष्ट काढली, मी चार वाक्यं जमवून बोललो. त्यांनी आम्हा तिघांनाही सारखंच उत्तर दिलं. चूक होणारा माणूस शिकवू शकतो, दाखवलेली चूक न दिसणारा शिकवू शकत नाही. तो दिवस आला की खडू खाली ठेवीन. तोपर्यंत कुणी मध्ये यायचं नाही. आणि तो दिवस ओळखायचं काम त्यांनी फरहीनवर टाकलं. तिला समोर उभं करून बजावलं, "पुन्हा माझ्यावर दया करशील तर याद राख." मराठीत. फरहीनने मान डोलावली.

त्यानंतरचे ते तास मी बाहेरून जाताना ऐकत असे. बारीक आवाज यायचा, "मैम, चौथी लाइन." पावलं थांबायची. थोड्या वेळाने कुंदाताई म्हणायच्या, "हाँ. मिला." आणि पुन्हा पावलं. कधी एका तासात पुष्कळदा असं व्हायचं. मी माझ्या वर्गात पोहोचायचो, पण पुस्तक उघडून बसवत नसे. कान तिकडेच असायचे. आता मिळेल ना, आता सापडेल ना.

हिवाळा संपता संपता एका सकाळी फरहीन आमच्या खोलीच्या दाराशी आली आणि मला बोलावून घेऊन गेली. मी पोहोचलो तेव्हा कुंदाताई फळ्यासमोर उभ्या होत्या. पुन्हा तेच दोलनाचं समीकरण. फरहीनने 'दूसरी लाइन' म्हणून सांगितलं होतं. त्या ती ओळ वाचत होत्या, परत वाचत होत्या. वर्गात बाकही करकरत नव्हता. पुढच्या बाकावरचा एक मुलगा न राहवून चूक सांगायला उठला, तर फरहीनने त्याला खाली बसवलं. मला वाटलं, सांगू दे की, काय बिघडेल. पण नियम त्यांचाच होता.

"दाखव," शेवटी त्या म्हणाल्या.

फरहीन फळ्याशी गेली आणि तिने बोट ठेवलं. कुंदाताईंनी त्या बोटाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. "मला नाही दिसत," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. खडू फळ्याच्या पट्टीवर ठेवला, हात झटकले. फरहीनच्या खांद्यावर पांढरी बोटं उमटली. "अच्छा किया," एवढंच तिला म्हणाल्या आणि माझ्याबरोबर बाहेर पडल्या. जिन्यापाशी त्यांनी माझा हात धरला. तोवर त्यांना कधी कुणाच्या हाताची गरज लागली नव्हती.

उन्हाळ्यात त्या गेल्या. शेवटी शेवटी मंदा त्यांना उशांना टेकवून बसवायची, पण बोटं पांघरुणावर चालत राहायची.

शोकसभा विभागातच झाली, त्याच वर्गात. फोटोला हार, समोर सन्मानचिन्ह मांडलेलं. सक्सेना सर बोलायला उभे राहिले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. ते म्हणाले की देवस्थली मैडम म्हणजे अचूकता. इतकी वर्षं शिकवलं, पण त्यांच्या बोर्डवर कभी एक गलती नहीं मिली.

पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत मधल्या बाकांत कुणीतरी उभं राहिलं.

"सर," फरहीन म्हणाली. आवाज नेहमीसारखाच बारीक. "आख़िरी लाइन."

सर थांबले. सगळा वर्ग खाली बघत होता. असल्या सभेत कुणी कुणाला टोकत नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोललेलं तर कुणीच खोडत नाही. सरांनी फोटोकडे पाहिलं, मग हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

"ठीक कहती हो," ते म्हणाले. "रोज़ मिलती थी. रोज़ एक मिलती थी."

फरहीन खाली बसली. मी उठून खिडकी उघडली.