सासूबाईंच्या उशीखालचं घड्याळ

आमच्या जासईच्या घरासमोरून दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर जातात. मांडणीवरची भांडी थरथरतात, टीव्ही ओरडायला लावावा लागतो. एवढ्या गोंगाटात सासूबाईंना म्हणे उशीखालच्या मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. मला ही निव्वळ थाप वाटायची. मग एका सकाळी उठल्या उठल्याच त्या म्हणाल्या, "बंद पडलं." उशी उचलून पाहिलं, तर काटे खरंच थांबले होते. चावी देऊनही हलेनात.

घड्याळ सासऱ्यांचं. लग्नात जावयाला घड्याळ द्यायची रीत, म्हणून सासूबाईंच्या वडिलांनी मिठागरात राबून ते घेतलेलं. सासऱ्यांनी ते जन्मभर वापरलं. सासरे गेल्यावर ते माझ्या नवऱ्याकडे यायला हवं होतं, पण त्याच्या मनगटावर 'उठा, चार पावलं चाला' असं सांगणारं नवीन घड्याळ आहे. मी उठ म्हटलं तर उठत नाही, त्याचं मात्र ऐकतो. शिवाय सासूबाईंनी सासऱ्यांचं घड्याळ कुणाला दिलंच नसतं. शेवटच्या आजारपणात सासऱ्यांबरोबर तेही थकलं होतं. टिक, टिकटिक, मग जरा दम घेऊन पुन्हा टिक. सासरे गेले आणि सासूबाई तो आवाज ऐकत झोपू लागल्या.

पनवेलच्या बाजारात एक म्हातारे चाचा अजून चावीची घड्याळं दुरुस्त करतात. रजा टाकून मी सासूबाईंना त्यांच्याकडे नेलं. मला वाटलं, घड्याळ द्यायचं, भाजी घ्यायची आणि घरी यायचं. सासूबाईंनी घड्याळ काउंटरवर ठेवलं, पण वरचा हात काही काढला नाही.

"चालू करा. पन आवाज बदलू नका."

चाचांनी ते हळूच सोडवून घेतलं आणि डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. "अम्मा, तेलाचा गोंद झालाय. सगळं खोलून धुवावं लागेल. घड्याळ चालेल, याची जबान देतो. पण आवाज तोच राहील असं खोटं कशाला सांगू?"

सासूबाई उघड्या घड्याळाकडे बघत राहिल्या. त्यांना काय गमवायची भीती वाटतेय ते मला कळत होतं. माझंच मन कच्चं. मी म्हटलं, "आई, राहू दे. आहे तसं परत नेऊ."

"नाय. मुकं ठेवून काय करू?" त्या चाचांकडे वळल्या. "खोला. मी इथंच बसते. घड्याळ घराबाहेर एक रात राहिलेलं नाय."

आणि बसल्या की! बारीक स्क्रू उडतात म्हणून चाचांनी पंखा बंद केला. घामाच्या धारा लागल्या. सासूबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली तर चाचा ओरडले, "अम्मा, पदर!" तेव्हा त्यांनी पदर कमरेला खोचला आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या. एक गिऱ्हाईक सेल बदलायला आलं आणि शिंकलं, तर त्याच्यावर अशा खेकसल्या की ते बिचारं बाहेर जाऊनच उभं राहिलं. दुपारी त्यांनी डबा उघडून चाचांना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आग्रहाने वाढली. चाचांनी आवडीने खाल्ली, आणि पुन्हा घड्याळाला हात लावण्याआधी साबणाने दोनदा हात धुतले.

हट्टी बायका मी पुष्कळ पाहिल्यात, मीही त्यांतलीच. पण जे कायमचं जाईल अशी धास्ती आहे, ते आपल्या डोळ्यांदेखत एकेक चाक सुटं होताना बघत बसायचं, याला छाती लागते. माझी नसती झाली. त्या दिवशी मला सासूबाईंचं फार कौतुक वाटलं.

उन्हं उतरल्यावर चाचांनी चावी देऊन घड्याळ सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी ते कानाला लावलं. शेजारी मलाही ऐकू येत होतं. टिकटिक सरळ, खणखणीत, कुठेही न अडखळता.

"यो आवाज त्यांचा नाय," सासूबाई म्हणाल्या.

चाचांनी मान खाली घातली. सासूबाईंनी मात्र घड्याळ कानावरून काढलं नाही. डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या, आणि हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "लगीन झालं तवा असाच यायचा. मी नवी नवरी, मान वर करून बघायची भीती. ते पन लाजरे, काय बोलायचे नायत. मी आपली पडल्या पडल्या त्यांच्या हातातलं घड्याळ ऐकायची."

मी सून म्हणून आले तेव्हापासून सासरे मला माहीत होते ते खाटेवर खोकणारे. तेवढेच. सासूबाईंनी हात लांब करून घड्याळ माझ्या कानाला लावलं.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुजा सासरा. मिसरूड पन धड फुटलं नवतं."