पाठ केलेला प्रोग्राम

लातूरच्या एका क्लासवाल्या सरांनी त्या ताईला फसवलं.

नांदेडच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. डोळे मिटून, टाइप केल्यासारखी पर्सवर बोटं आपटत काहीतरी पुटपुटत होती.

काय म्हणतेस विचारलं, तर म्हणाली, "दोन आकड्यांच्या बेरजेचा प्रोग्राम हाय, काका. उद्या नोकरीची परीक्षा हाय."

"आन् तीन आकडे आले तर?" मी टोकलं.

बोटं थांबली. "तसं सरांनी दिलं न्हाई."

"मग कॉम्प्युटरवर करून बघायचं की!"

"हात लावू देत नव्हते. चुकलं तर बिघडंल म्हणायचे. आधी पाठ करा, समजंल मागून."

ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाली.

मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चुकत, शिव्या खात सौदा करायला शिकलो. तिला कुणी चुकूच दिलं नाही. सर, परीक्षेत ती अडली असेल, तर जाब तुम्ही द्यायचा.