पाण्याला न्हाय म्हणायचं न्हाय

आमच्या दारात नळ हाय. चांगला पितळी तोटीचा, सिमेंटच्या ठोकळ्यात उभा केल्याला, ठोकळ्यावर घराचा नंबर रंगवल्याला. येणारा-जाणारा म्हणतो, "वा, नळ आला की!" आला की. नळ आलाय, पाणी यायचं ऱ्हायलंय. नाव सोनूबाई आन् हाती कथलाचा वाळा. सकाळी झाडलोट करताना मी त्येची चावी फिरवून बघते, रोज, येड्यावाणी. आतनं फुस्स करून वारा येतो. कधी मुंग्या येत्यात. मग माझं डोकं फिरतं, आन् सकाळी फिरलं की दिवसभर जागेवर येत न्हाय. हे घरात सगळ्यांना ठावं हाय.

ह्या नळापायी आमी आमची विहीर घालवली. तहान लागल्यावर विहीर खणणारे लई बघितलेत. तहान लागायच्या आधी भरली विहीर बुजवणारे आमीच.

अंथुर्णं आन् भवानीनगरच्या मधी, कालव्याच्या चारीला लागून आमची वस्ती. सगळी भावकीच. एक काळ व्हता तवा सगळे मेंढरं घेऊन फिरायचे. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, कोऱ्हाळ्याच्या लेक. लगीन होऊन आल्या त्या थेट कळपाच्या मागं चालायलाच लागल्या. त्या सांगायच्या, परक्या गावात पाणी मागताना माणसाचं तोंड कसं हुतं. कुणी घागर भरून द्यायचं, कुणी कुत्रं सोडायचं. एका गावात भर उन्हात कुणी विहिरीवर येऊ दिलं न्हाय, आन् माझ्या तान्ह्या दिराला कडंवर घेऊन त्या तशाच चालत ऱ्हायल्या. म्हणून मेंढरं इकून बूड टेकल्यावर त्यांनी पयली विहीर खणून घेतली, घर मागनं बांधलं. विहिरीच्या कडंला दगडाची डोण ठेवली, जनावरांना पाणी प्यायला. आन् घरात एक नेम घातला: दारात आलेल्याला पाण्याला न्हाय म्हणायचं न्हाय. भाकरीला म्हणा, पाण्याला न्हाय.

चारीचा पाझर असल्यामुळं विहिरीला उन्हाळ्यातबी पाणी. सगळी वस्ती तितंच यायची. मी लगीन होऊन आले तवा मला राग यायचा, आपल्या दारात ह्येवढी वर्दळ कशापायी? आत्याबाई म्हणायच्या, "पाणी काय तुझ्या बापानं आंदण दिलंय व्हय?" मी म्हणायचे, "तुमच्या बापानंबी दिलं न्हाय." असं आमचं चालायचं. पण भांडून झालं की दोघी मिळून पाणी शेंदायचो.

मग एक दिवस जीप आली. आसपासच्या गावांची पाणी योजना मंजूर झाली व्हती. गायरानात मोठं तळं खणायचं, कालव्याचं आवर्तन आलं, म्हंजे पाणी सुटलं, की ते भरून घ्यायचं, तितनं पंपघरात, पंपघरातनं टाकीत, टाकीतनं घरोघर नळाला. साहेब लोक उन्हातनं आलेले. आत्याबाईंनी माठातलं पाणी दिलं. तांब्या रिकामा झाला, दुसरा दिला. मग त्यातला मोठा साहेब विहिरीकडं बघून म्हणाला, "मावशी, पंपघराला जागा हवी आहे. रस्ता, चारी, विजेचा खांब, सगळं इथं जवळ आहे. ही विहीर बुजवून जागा दिलीत, तर पहिला नळ तुमच्या दारात."

मी चुलीपासनं उठून येस्तवर आत्याबाई बोलून मोकळ्या झाल्या व्हत्या. "घ्या की. पाण्याला न्हाय म्हणत न्हाय आमी."

त्या दिवशी मी जे भांडले, ते वस्तीत आजून सांगत्यात. "इचारलं का मला? शेंदतं कोण? आयजीच्या जीवावर बायजी उदार!" आमचे मालक डेरीची गाडी घेऊन आले तर मी त्यांच्यावर घसरले. ते म्हणाले, "आई म्हणंल ते." बास. एवढंच येतं त्यांना. आत्याबाई मातर शांत बसल्या व्हत्या. म्हणाल्या, "अगं, पाण्यासाठीच मागत्यात ना? दारू गाळाय मागितली का जागा? गावोगावच्या बाया नळाला पाणी भरत्याल, तवा म्हणत्याल, अमक्या वस्तीवरची जागा हाय."

ह्या बाईला एकदाबी असं वाटलं न्हाय की पाण्याचं नाव काढून कुणी खोटं बोलंल. तिच्या जगात ते पाप बसतच नव्हतं.

विहीर बुजवायला जेसीबी आला. पयल्या खेपांना मुरूम पाण्यात पडायचा डुबुक डुबुक आवाज यायचा. मग लदलद यायला लागला. मग कायबी येईना, नुसती धूळ. आत्याबाई पदर तोंडाला लावून बघत व्हत्या आन् मी घरात भांडी आपटत व्हते.

पंपघर उठलं. गवंड्यांनी काय करावं? आमच्या डोणीत सिमेंट कालवलं! जनावरांच्या पाण्याची डोण ती. भवानीनगरच्या बाजाराला म्हणून काम टाकून गेले, आन् आले तवर डोणीत सिमेंट घट्ट. मी मुकादमाला गाठला. "तुझ्या ताटात असंच कालवू का?" म्हणलं. तो म्हणाला, "वहिनी, नवीन डोण आणून देतो." आणतोयच आजून.

त्येच्या म्होरं कामाची प्रगती काय सांगायची! रस्ता उकरला, पायपं पुरली, रस्ता तसाच. तळं खणलं, पण तळाला पाणी धरणारा प्लास्टिकचा कागद अंथरायचा ऱ्हायला. आवर्तनाचं पाणी आत घेतलं, ते जमिनीनं पिऊन टाकलं. रिकाम्या तळ्यात बाभळी उगवल्या. पण फाट्यावर फलक लागला, ह्येवढा मोठा, 'काम प्रगतीपथावर आहे'. पुढाऱ्यांचे हसरे फोटो. ऊन-पावसानं फोटो उडाले, 'प्रगतीपथावर' तेवढं शिल्लक हाय.

मधी एक दिवस नळाला पाणी आलंबी. खोटं कशाला बोलू? मांडव घातला, पावणे आले, हार-तुरे. आत्याबाईंनी मला नळाची ओटी भरायला लावली, खण-नारळानं, जशी आमी विहिरीची भरायचो. पावण्यांनी चावी फिरवली आन् धार पडली. आत्याबाईंनी वस्तीत घरोघर गूळ वाटला. मी पंपघराच्या मागं टँकर उभा बघितला व्हता. म्हणलं, मांडवात शिंपडाय आणला आसंल. त्येचाच पायप नळाच्या पायपाला जोडला व्हता, हे मागनं कळलं. पावणे गेले, टँकर गेला, धार गेली.

इचारलं की दरवेळी नवं उत्तर. वीजजोडणी यायची हाय. आवर्तन लांबलंय. ठेकेदार बदललाय. साहेब बदललाय. बोलाचीच कढी आन् बोलाचाच भात! आता आठवड्यातनं टँकर येतो, आला तर येतो. बाया हंड्यावर हंडे आपटत पळत्यात. माझी एक चुलत जाऊ हाय शेजारी, तोंडाची फटकळ. टँकरवर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हीर व्हती तवा कुणाच्या बापाची वाट बघत नव्हतो. म्हातारीनं मोठेपणा केला आन् हंडा आमच्या डोक्यावर आला!"

मी तिच्याशी भांडले. पण भांडताना माझ्या जिभेला धार येईना, कारण मीच हे घरात पन्नासदा म्हणले व्हते. आत्याबाई ओट्यावर बसून ऐकत व्हत्या.

वस्तीतलं एकेक पोर आत्याबाईंच्या पायावर न्हाऊन मोठं झालंय. बाळंतीण घरी आली की पयलं बोलावणं त्यांना. त्या जावेची सून बाळंत झाली, आन् आत्याबाई दोन दिवस तेलाची वाटी काढून वाट बघत बसल्या. बोलावणं आलं न्हाय. न्हाऊ घालायला अंथुर्ण्यावरनं दुसरी बाई आणली. आत्याबाईंनी तेल परत बाटलीत ओतलं. मला म्हणाल्या, "त्यांचं खरं हाय. माझ्या शब्दावर पाणी गेलं त्यांचं." मला जावेचा जेवढा राग आला, त्येच्या दसपट त्या जीपवाल्यांचा आला. विहीर नेली ती नेली, आता म्हातारीची अब्रू नेली. ती कुठल्या योजनेतनं भरून देणार?

ह्या उन्हाळ्यात परत जीप आली. पाहणी करायला. तेच मोठे साहेब, दुसरीकडं बदली होऊन फिरून इकडंच आलेले. नळाचे फोटो काढत व्हते. नळ हाय, नंबर हाय, म्हंजे काम पूर्ण. टँकर चुकल्याला, घरात तेवढा एक तांब्या पाणी. तो आत्याबाईंच्या मांडीजवळ ठेवल्याला. शेजारच्या बाया फोटो बघायला गोळा झाल्या व्हत्या. साहेबांनी रुमालानं मान पुसली आन् ओट्याकडं आले.

"मावशी, पाणी मिळेल का थोडं?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचा हात तांब्यावर गेला. मला वाटलं, आता देत्यात. हात तितंच थांबला. मग त्यांनी बोट उचलून नळ दाखवला.

"न्हाय. त्या नळाचं प्या, साहेब. तुमीच दिलाय."

साहेब हसल्यावाणी करून नळापाशी गेले. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, चावी फिरवली. फुस्स! आन् ज्या बाया हसल्या म्हणता! माझी जाऊ तर टाळ्या पिटायला लागली. साहेब जीपमधी बसले आन् गेले. मला तर नाचावंसं वाटत व्हतं.

जाऊ ओट्यावर आली. "शाब्बास आत्याबाई! लई झ्याक केलं!" म्हणाली. मग जरा आवाज उतरवून, "उद्या सकाळच्याला या. पोराला न्हाऊ घालायचंय. त्या बाईचा हात काय धड न्हाय."

झालं, म्हणलं. आलं सगळं जाग्यावर. हसत आत्याबाईंकडं वळले, तर त्या रडत व्हत्या. लहान पोरागत हुंदके देऊन. "तानेल्या माणसाला न्हाय म्हणले गं मी. माझ्या तोंडातनं गेलं."

"त्यो कसला तानेला! त्येच्या गाडीत बाटल्या आसत्यात," मी ओरडले. "तुमची हीर गिळून बसलाय त्यो!"

"आसू दे. मागितलं ना त्यानं." त्या तांब्या घेऊन उठल्या. म्हणाल्या, हे पाणी त्याच्यासाठी हातात घेतलं व्हतं, आता आपल्याला प्यायला चालत न्हाय. डोणीपाशी गेल्या आन् ओतलं. सिमेंटच्या वर बोटभर खोलगा हाय, तेवढ्यात मावलं तेवढं मावलं, बाकीचं कडंनं गेलं. शेळी पळत आली, चाटून पुसून प्याली आन् आमच्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हायली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरातनं घण आणला आन् डोणीतल्या सिमेंटावर घातला. टवका उडाला. परत घातला. मग तसाच उचलून नळाकडं निघाले. त्येचा ठोकळा, त्येचा नंबर, त्येची पितळी तोटी, सगळ्याचा भुगा करणार व्हते.

आत्याबाईंनी माझा हात धरला. डोळे पुसले न्हाईत, तसंच म्हणाल्या, "त्यो ऱ्हाऊ दे, पोरी. उद्या परत कुणी पाणी मागितलं, तर मी बोट कुठं दावू?"